दिवाळीच्या दिवसांतले दुःख आणि आपण



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मुलांना 'मी सुट्टी कशी घालवली' हा निबंध द्यायचा, ही आम्हां शिक्षकांची जुनी सवय. गेल्या खेपेला मीही तो दिला. सहावीतल्या एका मुलीने चारच ओळी लिहिल्या. त्यांतल्या दोन अशा : "आमच्या घरी दिवाळी नसते. त्या दिवशी आई लवकर झोपते." मुलगी आपल्याच वस्तीतली, बौद्ध घरातली. चूक एकही नव्हती. तांबडी पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ तसाच बसलो.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. बाप आणि थोरला भाऊ टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेले. आपल्या जिल्ह्यात हे नवे नाही. दसरा झाला की गंगाखेड, सोनपेठ, पाथरी भागांतून माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल जुन्या देण्यात आधीच फिटलेली असते, आणि ऐन दिवाळीत वस्तीत म्हातारी माणसे, लहान मुले आणि एखादी आजारी बाई एवढीच उरतात. त्या माउलीने आढेवेढे न घेता सांगितले : "देव सोडले त्याचं काही वाटत नाही बघा गुरुजी. पन त्या दिवशी दारात कुनी येत नाही, त्याचं वाटतंय."

आता माझा गुन्हा सांगतो. दोन वर्षांपूर्वी वर्षावासात विहारात बोलताना मी ठणकावून म्हणालो होतो की, दिवाळीत ज्याला हुरहूर लागते त्याच्या मनातून जुना धर्म गेलेला नाही. ही बाई समोर बसलेली होती. माझ्या वाक्याला टाळ्याही पडल्या होत्या.

मग ते वाक्य खरे होते काय? दिवाळीच्या दिवसांत बौद्धाला वाईट वाटणे हे धम्मापासून ढळणे आहे काय?

आपल्या आजोबांची दिवाळी काय होती हे आठवून पाहा. दुसऱ्यांच्या दारात उभे राहायचे, लांबून पदरात पडेल ते उरलेसुरले घ्यायचे आणि वर जोहार घालायचा. त्या दिवाळीसाठी डोळ्यांत पाणी आणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देव नाकारले, अवतार नाकारले, श्राद्ध-पिंडदान नाकारले. माणसाने माणसाकडे जाणे नाकारलेले नाही. सणाच्या पोटात दोन गोष्टी असतात : एक देव आणि दुसरी येणीजाणी. लेक माहेरी येते, भाऊ बहिणीकडे जातो, रुसलेले शेजारी बोलू लागतात. आपण देव बाहेर काढला, हे योग्यच केले. पण घाईत येणीजाणीही उंबऱ्याबाहेर गेली आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवायचे राहून गेले. त्या बाईच्या मनाला टोचत होते ते हे. त्यात जुन्या धर्माचा संबंध तिळाएवढाही नाही.

संयुत्तनिकायात, वेदनेच्या प्रकरणात, तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. अजाण माणसाला दुःखाचा एक बाण लागतो आणि त्याने तळमळून, छाती बडवून घेतल्यामुळे लगेच दुसरा लागतो, तो मनाचा. जाणत्याला पहिलाच लागतो. घरधनी शेकडो मैलांवर, हातात पैसा नाही, दारात कोणी नाही, हा पहिला बाण. तो खराच आहे. "मी बौद्ध असून मला असे का वाटते?" ही लाज दुसरा बाण. आणि हा दुसरा बाण तिने स्वतः मारून घेतलेला नाही. तो आम्ही व्यासपीठावरून मारला. जो धम्म 'दुःख आहे' या सत्यापासून सुरू होतो, त्याच्या नावाने आम्ही लोकांना दुःख लपवायला शिकवले!

स्वतः बाबासाहेबांचेच पाहा. १९२६ साली राजरत्न हा लाडका मुलगा गेला. त्याआधीही लेकरे गेली होती. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. त्या त्या वेळी बाबासाहेब शोकाने पार खचले होते, हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवले आहे. त्यांना कोणी कच्चा म्हणण्याची छाती करील काय? मग वस्तीतल्या बाईलाच ती शिक्षा का?

दुःख वाटून घेतले की ते पेलता येते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीवर रांगेत उभी राहतात. त्या दिवसाचे दुःख माणसाला उभे करते. परभणीकरांना २०२४ चा डिसेंबर विसरता येणार नाही. १० तारखेला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, धरपकड झाली, आणि १५ तारखेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्या दिवसांत कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे शेजाऱ्याला माहीत होते. दिवाळीचे दुःख तसे नसते. ते एकेका घरात, दार लावून, एकट्याने असते. म्हणून ते जास्त कुरतडते.

आणि नेमके तेव्हा आपण काय करतो? आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. रोज संध्याकाळी माणसे जमतात, बाया घरचे दोन शब्द बोलतात. आश्विन पौर्णिमेला समारोप, खीर, आभार, आणि विहाराला कुलूप! त्यानंतर पंधरवड्याने अमावास्या येते. गावभर फटाके वाजत असतात आणि आमचा विहार अंधारात. हा हिशेब कोणी घातला कोण जाणे.

यावर एक कार्यकर्ते मला म्हणाले, "गुरुजी, मागच्या दाराने दिवाळी आणता की काय?" त्यांना मी सिगालाची गोष्ट सांगितली. बापाच्या शेवटच्या शब्दाखातर तो ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत होता. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही. आईबाप, गुरू, बायकामुले, मित्र, चाकरमाणसे, श्रमण या तुझ्या सहा दिशा, असे त्याला सांगितले. हात जोडायची ओढ तशीच ठेवली, फक्त माणसांकडे वळवली. ही दिवाळी मुळात आपलीच होती, सम्राट अशोकाची होती, असे अलीकडे काहीजण हिरिरीने सांगतात. त्या वादात मी शिरत नाही. एकट्या बाईच्या दारात जायला इतिहासाचा दाखला कशाला लागतो? (चकलीलाही धर्म नसतो, हे जाता जाता.)

एक मात्र बजावून सांगतो. ज्याची झोप दोन-दोन आठवडे उडाली आहे, जेवण तुटले आहे, जो मरणाची भाषा बोलतो, त्याला प्रवचन देऊ नका, डॉक्टरकडे न्या. १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तोही फुकट. आपल्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात हे सांगायला उशीर करून चालत नाही.

यंदा आम्ही पाच संध्याकाळी विहार उघडा ठेवला. त्रिसरण-पंचशील, अर्धा तास वाचन, मग नुसते बसणे. पहिल्या दिवशी अकरा माणसे आली, त्यांत सात म्हातारी. एका आजोबांनी कोल्हापूरकडे गेलेल्या मुलाला सगळ्यांदेखत फोन लावला आणि सगळ्यांना बोलायला लावले. मी त्या मुलीच्या आईसमोर माझे जुने वाक्य मागे घेतले. ती म्हणाली, "मला ते ध्यानातबी नव्हतं," आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी माणसे तेवीस झाली. सतरंजी पुरेना. शाळेतली आणावी तर शाळेला कुलूप, सुट्टीचे दिवस. तेव्हा ती बाई उठली आणि घरून वाकळ घेऊन आली.