गळती आणि वरचे तेल



काही स्पीडबोटींचे इंजिन बोटीच्या आत असते आणि पंखा मागे, बाहेर. पंख्याच्या त्या भागाला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. तो वर-खाली करायला दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक सिलिंडर असतात. पंपाचा दाब तेलाच्या नळ्यांतून तिथे पोहोचतो. खाऱ्या पाण्याने नळीचा जोड गंजतो, रबर चिरते आणि थेंब थेंब तेल गळू लागते. पाण्यावर तवंग दिसतो. वर उचललेला ड्राइव्ह हळूहळू खाली येतो.

अशा वेळी टाकीत वरून तेल ओतणे सोपे. बोट चालतेही; पण गळती थांबत नाही. जाणता कारागीर बोट पाण्याबाहेर घेतो. आधी ड्राइव्ह पूर्ण खाली उतरवतो, म्हणजे नळीवर भार राहत नाही. मग नळी बदलतो, तेल भरतो आणि आतली हवा निघून जाईपर्यंत ड्राइव्ह पुनःपुन्हा वर-खाली करतो.

भावाभावांतल्या अबोल्याचेही असेच आहे. लग्नात आहेर दिला, सणाला डबा पाठवला, की आपल्याला वाटते, सगळे ठीक आहे. ते वरून ओतलेले तेल. दुखावलेले मन आत गळतच असते. समेट करायचा तर आधी आपणच खाली उतरायला हवे. एका भेटीत सारे निवळेल असेही नाही. पुनःपुन्हा जावे लागेल.

या आठवड्यात त्या एका दारी आपण स्वतः जाऊ या. प्रभू आपल्याला ती नम्रता देवो.