हरवलेलं परत मिळण्याची हमी
'हॉलो नाइट' हा २०१७चा अवघड व्हिडिओ गेम खेळावा की नाही, याचा मी विचार करतो आहे. त्यात मेलात की जमवलेले पैसे तिथेच राहतात. पुन्हा न मरता तिथवर पोचून स्वतःच्याच सावलीला हरवलं, की ते परत मिळतात. असे खेळ चिकाटी शिकवतात म्हणे. पण आमच्या शिरूर-दौंडकडच्या कांदा उत्पादकाकडे चिकाटी कमी आहे का? डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, भाव कोसळले. ते पैसे पुन्हा शेतात राबून परत मिळत नाहीत. खेळात चूक आपली असते आणि कष्टांना फळ ठरलेलं असतं. म्हणून खेळेन, पण चिकाटीच्या नावाखाली नाही. आणि हरलेल्या माणसाला 'अजून प्रयत्न कर' असं खेळाच्या भरवशावर सांगणार नाही.