स्वतः भरलेले काडतूस

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरच्या अखेरीस बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम असतो. आपल्या नवरात्राइतकेच दिवस! तरुणपणी शिकार केलेली आणि पुढे संसाराच्या धबडग्यात रायफल कपाटात ठेवून दिलेली माणसे साठी गाठता गाठता पुन्हा रानाकडे वळतात. उतारवयात भजनाकडे वळावे असे मानणाऱ्या आपणांस हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा शौक संपुष्टातच आला.

यांतले काही जण काडतुसे घरीच भरतात. बार उडताना फुगलेली पितळी पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. माप ग्रेनचे, एक ग्रेन म्हणजे गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. सोनाराची कसोशी हवी, कारण दारू प्रमाणाबाहेर गेली तर रायफल धरणाऱ्याच्याच तोंडाशी फुटायची.

एका हरणाच्या जिवासाठी एवढा खटाटोप! या कसोशीने हिंसेचे पाप कमी होते काय? मला तसे वाटत नाही. पण एक पळवाट मात्र बंद होते. गोळी भलतीकडे लागून जनावर रानात तडफडत गेले, तर दोष काडतूस विकणाऱ्यावर ढकलता येत नाही. आपल्यातले मांसाहारी खाटकाच्या दुकानात सुरीकडे पाठ करून उभे राहतात. तिथे पाप इतक्या जणांत वाटले जाते की कुणाच्याच वाट्याला येत नाही.

याच विस्कॉन्सिनात राहिलेल्या ऑल्डो लिओपोल्डच्या, मृत्यूनंतर १९४९ साली निघालेल्या पुस्तकात एक मार्मिक मुद्दा आहे: शिकाऱ्याला टाळ्या वाजवायला किंवा नावे ठेवायला प्रेक्षक नसतात. लिओपोल्डने तरुणपणी लांडगे मारले होते. लांडगे संपले की हरणे अतोनात वाढून डोंगर उजाड करतात, हे त्याला मागाहून उमगले. शिकार मात्र त्याने सोडली नाही.

साठीच्या माणसाची नजर अधू, हात कापरा. पूर्वी दोनशे यार्डांवरून झाडलेली गोळी आता शंभरावरूनही झाडू नये, हे त्याला कोण सांगणार? रात्र रात्र बसून तोललेली काडतुसे खिशात आहेत, हंगामाचा शेवटचा दिवस आहे, समोर हरीण उभे आहे, फक्त जरा लांब आहे. तिथे तो रायफल खाली घेतो की नाही, हे त्याच्यावाचून आणि त्या हरणावाचून कुणालाच कळायचे नाही.