अर्ध्या इंचाची माया

शिवणकाम करणाऱ्या बाईला ‘माया’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. कापड कापताना मापाच्या रेषेबाहेर जे अर्धा-पाऊण इंच जास्त सोडायचं, जे पुढे शिलाईच्या आत जातं, ती माया. ती सोडली नाही तर माप अचूक असूनही ब्लाऊज अंगात शिरत नाही. या मायेची आठवण मला मुलाच्या कॉम्प्युटरसमोर बसल्यावर झाली, आणि ती काही सुखाची आठवण नव्हती.

मुलगा मेलबर्नला नोकरी करतो. तिथून शंभरएक किलोमीटरवर टॉर्की गाव आणि बेल्स बीचचा किनारा आहे. सुट्टीत तो तिथे फळी घेऊन लाटांवर जातो. मला ते बघवत नाही, म्हणून मी फारसं विचारतही नाही. या खेपेला आम्ही दोघं तिकडे गेलो तेव्हा कळलं, की गेली तीन वर्षं रात्री जागून तो एक सॉफ्टवेअर लिहितोय. कशाचं? तर त्या फळीच्या खाली, शेपटाशी, माशाच्या परासारखे जे पर बसवतात ते बेतण्याचं. तळहाताएवढी वस्तू, आणि तीन वर्षं!

पण ऐकत गेले तशी गोडी लागली. पर नसेल तर फळी लाटेच्या उतारावर आडवी घसरते. पर पाण्याला धरून राहतो, म्हणून तिला वळवता येतं. १९३५ साली टॉम ब्लेक नावाच्या माणसाने पहिल्यांदा फळीला असा पर लावला. आता बहुतेक फळ्यांना तीन असतात. मधला दोन्ही अंगांनी सारखा फुगीर, कडेचे दोन बहुधा आतून सपाट आणि बाहेरून फुगीर. पुढची कड गोलसर, मागची पातळ, विमानाच्या पंखासारखी. पर किती उंच, मागे किती झुकलेला, टोकाकडे जाडी कशी उतरत जाते, यावर फळीचं वागणं बदलतं. मुलाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरचे ठिपके ओढले की कड वाकते. मग जाडी सांगायची. नकाशात डोंगराच्या उंचीच्या रेषा असतात ना, तशा रेषा तो परावर काढून देतो. घरी प्लायवूड घासून पर करणाऱ्या हौशी माणसाला त्यावरून कळतं, कुठे किती उतरवायचं. कड कागदावर छापायची, प्लायवूडवर चिकटवायची आणि कापायचं.

“म्हणजे पेपर कटिंगच की हे!” मी म्हटलं.

“अगदी तेच, आई.”

यांनी लगेच विचारलं, किंमत किती ठेवलीस? त्याने सांगितलं, काही नाही. नुसतं सॉफ्टवेअरच फुकट नाही, तर त्याच्या आतलं सगळं लिखाण, सगळी गणितंसुद्धा उघडी. कुणीही वाचावं, बदलावं. अट एकच : बदलून दुसऱ्याला दिलंत तर तुमचा बदलही असाच उघडा द्या.

“फुकट कशाला? विक की रे. उद्या दुसरा कुणीतरी पैसे करील,” हे म्हणाले. आणि तसं झालंही होतं. किनाऱ्यावरचा एक कारागीर त्याच सॉफ्टवेअरवर पर बेतून विकतो, मुलाचं नावही घेत नाही. ती अट सॉफ्टवेअरपुरती. त्यातून निघालेला पर ज्याचा त्याचा. माझं तर डोकंच फिरलं. मुलगा मात्र हसला. म्हणाला, बेल्स बीचवर १९८१ साली सायमन अँडरसन तीन परांची फळी घेऊन उतरला आणि मोठ्या लाटांमध्ये स्पर्धा जिंकला. ती तीन परांची रचना त्याची. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि बघता बघता जगभर तीच रचना झाली. “मी ज्या फळीवर उभा राहतो तीच मुळी फुकट मिळालेली आहे. मग परांचे पैसे कुठल्या तोंडाने मागू?”

ज्या गणिताने पडद्यावरची कड वाकते त्याचीही गोष्ट त्याने सांगितली. सिट्रोएन या मोटारकंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी ते १९५९ साली शोधलं, पण कंपनीने गुपित ठेवलं. रेनो कंपनीच्या पिएर बेझिए यांनी ते स्वतंत्रपणे मांडून प्रसिद्ध केलं. आज जग त्याला बेझिएचा वक्र म्हणतं.

यांना हे काही पटलं नाही. मलाही सगळं पटलं असं नाही. अँडरसनच्या घरात त्या रचनेमुळे काय आलं, हा प्रश्न बाईच्या मनात येतोच. मुलाला पगार आहे, त्याला उदार होणं परवडतं. जिचं पोटच बेतण्यावर चालतं तिने आपला कागद कपाटात कुलूप लावून ठेवला, तर मी तिला नावं ठेवणार नाही.

पण मग त्याने एक पत्र दाखवलं. पोर्तुगालमधल्या एका सुताराने लिहिलेलं. कागदावर छापलेली कड दर वेळी मापापेक्षा थोडी लहान येते, त्याचे दोन पर वाया गेले. त्याने स्वतःच आतलं लिखाण वाचून चूक शोधली होती आणि दुरुस्ती करून पाठवली होती. “सगळं उघडं होतं म्हणून सापडलं,” मुलगा म्हणाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

लग्नानंतर शहापुरात सासूबाईंनी मला कटोरी ब्लाऊज बेतायला शिकवलं. त्यांचा कागद नुसत्या मापाचा होता. माया कापडावर वेगळी धरायची. आमची कटोरी गल्लीत प्रसिद्ध. शेजारच्या वहिनींच्या घरी तेव्हा ओढग्रस्त होती, त्या शिवण घेऊ लागल्या होत्या. त्यांनी कागद मागितला, मी दिला. कागदात माया धरलेली आहे असं त्यांनी समजणं साहजिक होतं. ती धरलेली नाही, एवढं एक वाक्य मी बोलले नाही. विसरले नव्हते. तेव्हा मी शिवणाचे पैसेही घेत नव्हते, म्हणजे माझं जाणार होतं ते नुसतं नाव.

एका गिऱ्हाइकाचा रेशमी खण वाया गेला, त्याचे पैसे वहिनींनी भरून दिले. पुढचाही बिघडला. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “कागद चांगलाच आहे हो, माझाच हात वाईट.” आणि मी म्हटलं, “होईल सवयीनं.” त्यांनी कटोरी घेणंच सोडलं. परकर आणि फॉल-पिकोवर राहिल्या.

अपरिग्रहाच्या गोष्टी करताना आपण भांडी मोजतो, साड्या मोजतो, सोनं मोजतो. एका वळणदार रेषेवरची मूठ सोडवत नाही, ती कुणी मोजत नाही. मी सरळ ‘नाही देत’ म्हटलं असतं तर वहिनी दुसऱ्या कुणाकडे गेल्या असत्या, त्यांचं कापड तरी वाचलं असतं. पण मला देणारी म्हणूनही मिरवायचं होतं आणि ठेवायचंही होतं.

मुलाला हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “नंतर कधी सांगितलंस त्यांना?”

बेळगावला परतल्यावर ट्रंकेच्या तळाशी तो कागद सापडला, घड्यांवर फाटलेला. नव्या कागदावर उतरवला, लाल पेन्सिलीने चहूबाजूंनी अर्धा इंच माया आखली. वहिनी आता हुबळीला लेकीकडे असतात, डोळे अधू झालेत म्हणे. लेकीचा नंबर धाकट्या जावेकडे आहे. कशासाठी हवा ते ती विचारील, म्हणून अजून मागितलेला नाही.