कासरा

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने शिकवणी लावावी, आणि तीही पतंग उडवण्याची, हे ऐकून बारामतीच्या आमच्या कट्ट्यावर जे हसू पिकले त्यात मीही सामील झालो होतो. आमच्या भागात पतंगाची शिकवणी कोणी लावल्याचे ऐकिवात नाही. बारामती-इंदापूरकडे पतंगाचा खरा हंगाम संक्रांतीचा नव्हे, नागपंचमीचा. त्या दिवसांतला वारा सुटला की पोर धाब्यावर चढते, चार पतंग फाडते, दोनदा बोट कापून घेते आणि पाचव्या पतंगाला केव्हा ढील द्यायची व केव्हा खेचायचे हे त्याच्या मनगटाला कळलेले असते. ते त्याला कोणी शिकवले, असे विचारले तर त्याला सांगता यायचे नाही.

माझा पतंग निराळा होता. फेब्रुवारीत मुलीने आम्हाला गोव्यात मोरजीला नेले आणि मला न विचारता माझ्या नावे तीन दिवसांच्या खाजगी शिकवणीचे पैसे भरून टाकले. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला अडकवलेली दांडी, दांडीपासून वीस-बावीस मीटर लांब दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला एखाद्या लहान खोलीवर छत म्हणून पुरेल एवढा, कडांत हवा भरलेला पतंग. पायाखाली फळी. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला, आणि माणूस लाटांवरून घसरत जातो. पाण्यात पडल्यावरही बुडणार नाही आणि पुन्हा उठवता येईल असा हा फुगीर पतंग ब्रिटनीतल्या लेगेन्यू नावाच्या दोन फ्रेंच भावांनी काढला व १९८४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाच्या शर्यतीही झाल्या. खेळ नवा, पण हौस जुनी आहे. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉर्ज पोकॉक नावाचा एक शाळामास्तर होता. त्याने १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. मास्तर असल्यामुळे मला या गृहस्थाविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती पुढे.

मीही मास्तरच. बारामतीत बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि त्या बत्तीस वर्षांत एकही शिकवणी घेतली नाही. सहकाऱ्यांच्या घरांपुढे सकाळी सहाला सायकलींच्या रांगा लागत. माझ्या घरापुढे लागल्या नाहीत, याचा मला अभिमान होता, आणि तो मी फारसा लपवतही नसे. विद्या विकू नये, हे मला इतके उघड वाटे की त्याला कारण द्यावे असेही कधी वाटले नाही. अशा माणसाने समुद्रकाठी एका पंचविशीतल्या मुलापुढे पैसे भरलेला विद्यार्थी म्हणून उभे राहायचे, यातला विनोद माझ्या मुलीला बरोबर कळला होता.

पहिला दिवस सगळा वाळूवर गेला. पाठीकडून वारा घ्यायचा आणि समोरच्या आकाशात घड्याळाची अर्धी तबकडी कल्पायची. बारावर पतंग असला की तो शांत असतो. नऊच्या किंवा तीनच्या अंगाला, तबकडीच्या कडेकडेने नेला, तरी फारसा ओढत नाही. पण तबकडीच्या पोटात, खाली आणि मधोमध शिरला, की तोच पतंग एखाद्या बैलजोडीसारखा माणसाला उचलून नेतो. एवढे सांगून झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "काका, आता एकच लक्षात ठेवा. घाबरलात की दांडी सोडून द्या."

हे ऐकायला सोपे वाटते. परंतु घाबरलेला माणूस सोडतो कुठे? तो धरतो. आणि या खेळाची मेख अशी की दांडी स्वतःकडे ओढली की पतंगाच्या पोटात वारा अधिक भरतो व ओढ वाढते. दांडी सोडली की ती दोरीवरून पुढे सरकते, पतंग वाऱ्याला बगल देतो आणि त्याचे बळ जाते. म्हणजे बुडत्याने काडीचा आधार घ्यावा, आणि नेमकी ती काडीच त्याला खोल न्यावी, अशातला हा प्रकार. पहिल्या दिवशी पाच वेळा मी वाळूत तोंडावर पडलो आणि पाचही वेळा दांडी माझ्या मुठीत घट्ट होती. सहाव्या वेळी मुलगा हसून म्हणाला, "काका, तुम्हाला कोणी ओढत नाही. तुम्हीच ओढता."

दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात गेलो. माझ्या पट्ट्याला पाठीमागे एक पकड होती. ती धरून तो माझ्या मागे उभा राही. मला तो दिसत नसे, पण पाठीवर त्याच्या हाताचा भार जाणवत असे, आणि त्या भाराच्या विश्वासावर मी पतंग दोन्हीकडे फिरवत असे. थोड्या वेळाने मी मागे न पाहताच काहीतरी विचारले. उत्तर बऱ्याच अंतरावरून आले. त्याने हात केव्हा काढला ते मला कळले नव्हते. ते कळताच माझी मूठ आवळली आणि पुढच्या क्षणी मी नाकातोंडात पाणी घेऊन लाटेत लोळत होतो.

खारे पाणी थुंकताना माझ्या मनात एक प्रश्न आला आणि पुढे कित्येक दिवस तो माझ्या मागे राहिला. मुलीने पैसे भरले होते ते कशाचे? त्याने मला धरण्याचे, की सोडण्याचे? धरण्याचे म्हणावे, तर तीन दिवस तो पकड धरून उभा राहिला असता तर मी सुखरूप राहिलो असतो आणि काही शिकलो नसतो. सोडण्याचे म्हणावे, तर सोडून द्यायला पैसे कशाला हवेत? तसे तर साऱ्या जगाने मला फुकटच सोडलेले आहे. पैसे होते ते सोडण्याची वेळ ओळखण्याचे. आणि ती वेळ ओळखायला, मला वाटते, एक प्रकारची तटस्थता लागते. मी बुडालो तर त्याची नाचक्की झाली असती, धंद्याला धक्का बसला असता. पण माझ्यासाठी त्याच्या पोटात तुटले नसते. म्हणूनच त्याचा हात वेळेवर सुटला.

इथे मला भीमाकाठची आमची विहीर आठवते. इंदापूर तालुक्यातले आमचे ते गाव आता नाही. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेचे पाणी आमच्या मळ्यावर चढले. पळसदेवचे जुने दगडी देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर डोकावते आणि लोक ते पाहायला येतात. आमची विहीर मात्र गाळात गेली. मी ज्या पाण्यात पोहायला शिकलो ते पाणीच दुसऱ्या पाण्याखाली बुडाले, असे मी गमतीने म्हणतो.

१९७१ च्या उन्हाळ्यात तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, माझ्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधला, कमरेला बैलाचा कासरा बांधला आणि मला धावेवरून खाली ढकलून दिले. कासरा त्यांच्या हातात. मी गटांगळ्या खाई, ते विडी ओढत. फारच झाले तर कासऱ्याला हिसका देत. पाचव्या दिवशी डबा गेला, आठव्या दिवशी कासरा. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला आणि त्या विहिरीचा तळ आम्ही पाहिला. पाणी पुन्हा आले तेव्हा मी वरच्या थारोळ्यावरून मुटका मारत होतो. गावातला प्रत्येक मुलगा असाच शिकला. तात्यांनी कोणाकडून सुपारीचे खांडही घेतले नाही.

या फुकट विद्येचे गोडवे मी आयुष्यभर गायिले. परंतु ती विद्या फुकट होती कोणाला?

माझी आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती रोज त्याच विहिरीवर धुणे घेऊन येई आणि आमचे मुटके पाही. तिला कोणी शिकवले नाही. मुलीच्या जातीने विहिरीत उडी घ्यायची ती एकाच कारणासाठी, अशी समजूत असलेल्या गावात तिने पोहण्याचे नाव कसे काढावे? तरी तिने काढले. १९७४ च्या वैशाखात, भर दुपारी, मळ्यावर चिटपाखरू नसताना ती मला म्हणाली, "कासरा धर. मी उतरते." मी बारा वर्षांचा. कासरा तिच्या कमरेला बांधला आणि धावेवर पाय रोवून उभा राहिलो. ती पायऱ्यांनी उतरली, पाण्यात शिरली, हातपाय मारू लागली. तिला जमत होते, हे मी आज शपथेवर सांगतो. माझ्यापेक्षा लवकर जमत होते. ती दोनदा ओरडली, "ढील दे!" मी ढील दिली नाही. कासरा ताणून धरला, इतका की तिला पुढे सरकताच येईना. तेवढ्यात बांधावरून कोणाचा तरी खाकरण्याचा आवाज आला आणि मी तिला पाण्यातून ओढूनच काढले. पायरीच्या दगडावर तिचे ढोपर फुटले. पुन्हा तिने कधी विचारले नाही.

मी तिला बुडू नये म्हणून धरले होते, असे मी पन्नास वर्षे स्वतःला सांगत आलो. पण मोरजीच्या पाण्यात मूठ आवळून पडलो तेव्हा ती मूठ मला ओळखीची वाटली. ती काळजीची नव्हती. आक्काच्या जिवाची भीती त्यात थोडी असेल; फार मोठी भीती होती ती कोणी पाहील याची. मात्र दोन्ही भीतींची पकड बाहेरून सारखीच दिसते, आणि धरणाऱ्यालाही ती आतून सारखीच लागते, ही त्यातली खरी फसवणूक आहे.

द्रोणाचार्यांची गोष्ट आपण गुरुदक्षिणेची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती आता फुकट विद्येची गोष्ट वाटते. द्रोणांनी बाजार मांडला असता, अमुक मोहरांना धनुर्विद्या अशी पाटी लावली असती, तर एकलव्याला निदान विचारता आले असते की मोहरा किती. त्यांनी विद्या नात्याने आणि कुळाने दिली, आणि ज्याला दिली नव्हती त्याच्याकडून अंगठा घेतला. विकलेल्या विद्येची किंमत पाटीवर तरी असते. प्रेमाने, परंपरेने, आपलेपणाने दिलेल्या विद्येची किंमत कोणीतरी काठावर बसून मोजत असते.

एवढे लिहून मी शिकवण्यांचा कैवार घेतला असे कोणी समजू नये. मोरजीला आमचा धडा चाले तेव्हा पाच-सहा मुले वाळूत बसून पाहत असत. ती तिथलीच, होड्यांच्या सावलीत वाढलेली. समुद्र त्यांचा, वारा त्यांचा, आणि दांडी माझ्या हातात, कारण पैसे माझ्या मुलीने भरले होते. त्या मुलांना काय म्हणायचे? माझा शिक्षकही मूळचा त्यांच्यातलाच निघाला. चार हंगाम दुसऱ्यांचे पतंग वाहून, दोऱ्या सोडवून, मग केव्हातरी कोणीतरी त्याला रिकाम्या वेळात शिकवले होते, अर्थात फुकट. म्हणजे माझा सारा युक्तिवाद त्या मुलापाशी येऊन पुन्हा उलटा होतो. तो सुलटा करण्याची युक्ती मला सापडलेली नाही.

पोकॉक मास्तराची राहिलेली गोष्ट अशी. १८२४-२५ च्या सुमारास त्याने एका खुर्चीला प्रचंड पतंग जोडला आणि आपल्या मुलीला, मार्थाला, त्या खुर्चीत बसवून शेकडो फूट उंच चढवले. ती सुखरूप खाली आली. पुढे तिला जो मुलगा झाला तो प्रसिद्ध क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस. याच मास्तराने पोरांना छड्या मारण्याचे यंत्रही बनवले होते म्हणतात, तेव्हा त्याला संतांच्या मालिकेत बसवण्याचे कारण नाही. मुलीला आकाशात सोडणारा तो बाप वेडा होता, असे मी वर्गात सांगत असे. मुले हसत. आता सांगायची वेळ आली तर मला तितक्या खात्रीने सांगता येणार नाही.

आक्काचे लग्न १९७७ मध्ये भीमेपलीकडे, करमाळा तालुक्यात झाले. तेव्हा उन्हाळ्यात नदी पायी ओलांडून माहेरी येता येई. तीन वर्षांनी मध्ये अफाट पाणी पसरले. रस्त्याने यावे तर मोठा वळसा. म्हणून सगळे होडीने येतात. आक्काही चाळीस वर्षे होडीने आली. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. एक जण पोहून काठाला लागला. त्यानंतर आक्का होडीत बसलेली नाही. "वाचला त्याला कुणीतरी शिकवलं होतं," एवढेच ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही, किंवा मी तिच्याकडे पाहिले नसेल.

गोव्याहून आल्यावर मी तिला पतंगाची सगळी हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली. पैसे किती पडले हे तिने दोनदा विचारले. मग म्हणाली, "मे महिन्यात माझी नात येतीय. नऊ वर्षांची हाय. तिला घाल पाण्यात."

या मे महिन्यात भाच्याच्या मळ्यातल्या विहिरीवर मी नातीला घेऊन गेलो. डबा आता कोणी बांधत नाही. फुगवायचे जाकीट आणले होते. कासराही बैलाचा नव्हे, नायलॉनचा. आक्का काठावर सावलीत बसली. मुलगी चपळ आहे. पाचव्या दिवशी जाकीट काढले. सातव्या दिवशी ती सरळ विहिरीच्या पलीकडच्या भिंतीला हात लावून परत फिरली.

"आता सोड," आक्का म्हणाली.

"अजून दोन दिवस, आक्का," मी म्हणालो.