सदिच्छेची सत्ता

उत्तर सिंधमधले जेकबाबाद शहर वसवले ते मुंबई लष्कराच्या तोफखान्यातल्या जॉन जेकब या अधिकाऱ्याने. १८४७ मध्ये तो सरहद्दीवर आला तेव्हा तिथे खानगढ नावाचे लहानसे ठाणे होते आणि भोवती वाळवंट. टोळ्यांच्या धाडींनी शेती ओस पडली होती. १८५८ मध्ये त्याच गावी त्याचे निधन झाले, तोवर रस्ते झाले होते, बेगारी कालव्याचे पाणी शेतात पोचले होते, बाजारपेठ उभी राहिली होती. पुढे लोक त्याच्या थडग्यावर दिवे लावू लागले. ही कृतज्ञता खरी आहे आणि तिला भाबडेपणा म्हणून झटकून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पण कृतज्ञता म्हणजे निवाडा नव्हे. जेकबच्या यशाचे श्रेय कोणाकोणाचे, हे आधी पाहायला हवे. त्याच्या दोन रिसाल्यांत मिळून सोळाशे स्वार होते. इंग्रज अधिकारी मात्र बोटांवर मोजण्याइतके. स्वाराने घोडा आणि सरंजाम स्वतःचा बाळगायचा, ही मराठी फौजांच्या परिचयाची शिलेदारी पद्धत तिथे होती. सरहद्दीवर रात्रंदिवस गस्त घालणारे हे बहुतेक हिंदुस्थानी मुसलमान होते. जखरानी आणि डोंबकी टोळ्यांतल्या कालच्या धाडेकऱ्यांनी नांगर धरला, तेव्हा जमीन पिकली. शहराच्या नावात यांपैकी कोणीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. फौजेचे नेतृत्व, मुलकी कारभार आणि टोळ्यांशी राजकारण ही सगळी सूत्रे जेकबच्या एकट्याच्या हाती होती. तो प्रामाणिक होता. सूड म्हणून केलेली धाडही त्याने दरोडाच मानली आणि सरकारच्या बाजूच्या टोळ्यांनाही त्यातून सूट दिली नाही. मात्र तोच चुकला असता तर दाद कोणाकडे मागायची? स्थानिक रयतेकडे तसे साधनच नव्हते. हिंदुस्थानावरचे इंग्रजांचे राज्य युरोपीयांच्या वांशिक श्रेष्ठतेवर टिकले आहे, असे तो उघडपणे लिहीत असे. ज्यांना बरोबरीचे मानायचेच नाही, त्यांना जाब विचारण्याचा हक्क तरी कोण देणार?

त्याच्या आयुष्यातला पेच इथेच आहे. १८४३ मध्ये मियानीच्या लढाईत तो सिंधच्या अमिरांविरुद्ध लढला; नंतर इंग्रज सेनापती नेपियरने केलेले सिंधचे हरण अन्यायाचे होते, असे मानणाऱ्या आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याची त्याने बाजू घेतली. तरीही त्याच विजयाच्या पायावर त्याने आपला कारभार उभारला आणि १८५६ मध्ये क्वेट्ट्यात फौज ठेवण्याची सूचना करून साम्राज्याची सरहद्द आणखी पुढे नेण्याचा आग्रह धरला. त्याच्या रस्त्यांवरून धान्य गेले, तशी पलटणही जाणार होती.

म्हणून जेकबला राक्षस ठरवणे खोटे आणि संत ठरवणेही खोटे. त्याने आणलेले पाणी त्याच्या खाती अवश्य मांडावे. पण त्या पाण्याने जिंकण्याचा अन्याय धुऊन निघत नाही. कर्तबगार प्रशासकाच्या एकहाती सत्तेचे आकर्षण आजही आपल्याला वाटते. त्याने काय बांधले, एवढेच विचारून थांबू नये. त्याला अडवण्याचा अधिकार कोणाला होता, हेही विचारावे. जेकबाबादच्या रयतेला तो नव्हता.