ऊस कुणाला घालायचा?

काका नगर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद. पुतणी मीनल पुण्यात सीए. यंदाचा ऊस कारखान्याला घालायचा की शेजारच्या खासगीला, यावर दोघांची जुंपली.

मीनल : खासगीवाले वेळेवर पैसे देतात. तुमच्या कारखान्याकडे गेल्या हंगामाचीच बाकी आहे. मग अडलंय कुठं?

काका : कारखान्यात माझा शेअर आहे, मत आहे. खासगीत नुसता ऊस जाणार.

मीनल : मत म्हणजे सभेत ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचं!

काका : हस तू. बेलापूर कंपनीसारखे खासगी कारखाने इथं आधीपासून होतेच की. तरी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांना प्रवरेला शेतकऱ्यांचा कारखाना काढावा लागला. 1950 चा हंगाम तो. शेतकऱ्यानं पदरचे पैसे घातले, सरकारनंही हात दिला.

मीनल : पुढं त्याच सरकारनं कर्जांना दिलेल्या थकहमीनं हिशेब विचारायची सवय मोडली. तोटा जनतेचा, मान चेअरमनचा. हा कुठला समाजवाद?

काका : आणि बाजार तरी मोकळा कुठंय? एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, दिल्लीत ठरते. 14 दिवसांत पैसे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. कायदा दोघांनाही तोच. दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर हवं. तुझा भांडवलदारही सरकारच्याच कुंपणात चरतो.

मीनल : ते अंतर शेतकऱ्याच्या मुळावर येतं. दुसरं गिऱ्हाईक दारात आलं की भाव वाढतो. खासगी आला म्हणूनच तुमच्या चेअरमननं पहिली उचल वाढवली ना?

काका : वाढवली. उद्या आमचा कारखाना बंद पडला, तर खासगी वाढवेल?

मीनल : ...नाही वाढवणार. पण मग गंमत बघा. तुम्ही बाकी सोसून कारखाना जगवणार, आणि त्याच्या धाकानं खासगीकडून चांगला भाव कुणाला? ऊस तिकडं नेणाऱ्या शेजाऱ्याला!

काका : (बराच वेळ गप्प) म्हणून तर सरकार लागतं.

मीनल : सरकारात कोण बसलंय? कारखान्यांचेच चेअरमन.

(हा टोला काकांनी ऐकून घेतला, हे नोंदवायला हवं.)

मीनल : आणि बीडहून येणारी कोयत्याची जोडी? मुकादमाची उचल फेडायला थंडीत ऊस तोडते. तिला तर दोन्हीकडं ना शेअर, ना मत.

काका : खरंय. आमचा सहकार बांधापाशीच थांबला. ज्याची जमीन, तो सभासद.

मीनल : मग ऊस?

काका : नोंद केलाय तेवढा कारखान्यालाच. उरलेल्याचं सभेनंतर बघू. बाकी कधी देणार, हे उभं राहून विचारतो. आणि तोडणीवाल्यांचा विषयही काढतो.

मीनल : माईक बंद करतील.

काका : करू देत. घसा आहे अजून.